दंतरोगनिदानात क्ष-किरण : आवरणापलीकडचे प्रत्यक्ष

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात 65 मुखरोगांची गणना आहे. त्यांपैकी 15 दंतमूलगत व 8 दंतगत, म्हणजे एकंदर 23 व्याधी दात व हिरड्या यांच्याशी निगडित आहेत. वाग्भटाचार्यांनी मुखरोग 75 मानले. संख्येचा हा भेद अध्यापकांसाठी सोडून देऊ. चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तोंड उघडल्यावर दाताचा जो भाग दिसतो तो बहुतेक दातांत निम्म्याहून कमी असतो. उरलेला भाग हिरडीखाली, हन्वस्थीत रुतलेला असतो, आणि दंतमूलगत व्याधींपैकी कष्टसाध्य असे जे आहेत ते तेथेच घर करतात. आपण पाहतो ती हिरडीची सूज, चाचपतो तो दाताचा चलत्वभाव आणि ऐकतो ते रुग्णाचे कथन. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तिन्ही परीक्षा यथासांग करूनही मूळाच्या टोकाशी काय घडते आहे ते कळत नाही.

यात वैद्याचा दोष नाही. प्रत्यक्षाची ही मर्यादा चरकाचार्यांनीच सांगून ठेवली आहे. सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्रत्यक्ष अल्प व अप्रत्यक्ष अफाट असल्याचे सांगून, विद्यमान वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे त्यांनी दिली : अतिसन्निकर्ष, अतिविप्रकर्ष, आवरण, करणदौर्बल्य, मनोऽनवस्थान, समानाभिहार, अभिभव आणि अतिसौक्ष्म्य. महाविद्यालयात आपण ही यादी परीक्षेपुरती पाठ केली व विसरलो. दाताचे क्ष-किरण बिंब वाचताना मात्र हीच यादी आमच्या फार उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. क्ष-किरण या आठांपैकी प्रामुख्याने एकच अडथळा दूर करतात, तो म्हणजे आवरण. उरलेले अडथळे जिथल्या तिथे राहतात. हे ध्यानात न घेतल्यामुळे काही वैद्य बिंबाला अनावश्यक मानतात, तर काही त्याला ब्रह्मवाक्य मानतात. आमच्या मते दोन्ही भूमिका रुग्णाच्या हिताच्या नाहीत.

थोडा इतिहास

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना या किरणांचा शोध 8 नोव्हेंबर 1895 रोजी लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्खोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना 25 मिनिटे किरणांपुढे स्थिर बसावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा अंश पुरतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे एडमंड केल्स यांनी 1896 पासूनच रुग्णांच्या दातांची चित्रे काढण्यास आरंभ केला. फिल्म स्वतःच्या हाताने रुग्णाच्या तोंडात धरणे, यंत्र जुळवण्यासाठी आपलाच हात किरणांपुढे धरणे, अशी त्या काळची रीत होती. परिणामी त्यांच्या हाताला कर्करोग झाला. बोटे, मग हात असे एकेक करून काढावे लागले आणि 1928 मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी 1901 मध्येच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरू शकतात हे दाखवले होते. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. आज दंतचिकित्सालयात बिंब काढताना काढणारा दूर किंवा आडोशाला का उभा राहतो, फिल्म रुग्णाच्या तोंडात कोणीही हाताने का धरू नये, या नियमांमागे ही किंमत मोजलेली आहे.

बिंबात काय दिसते

लहान दंतबिंबाला दंतवैद्य आय.ओ.पी.ए. म्हणतात. त्यात दोन-तीन दात मुळांच्या टोकांसह दिसतात. फिल्मऐवजी संवेदक वापरून संगणकावर घेतलेल्या त्याच प्रकारच्या बिंबाला आर.व्ही.जी. हे नाव रुळले आहे. संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारे ते ओ.पी.जी. वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकत्र दाखवणारे बाइटविंग बिंब दोन दातांच्या फटीतील कीड शोधण्यास सर्वोत्तम असते. ते आपल्याकडे फार कमी मागवले जाते, याचे आम्हाला नवल वाटते.

बिंब वाचण्यासाठी प्रथम प्राकृत स्वरूप डोळ्यांत बसले पाहिजे. दातावरील कवच सर्वांत शुभ्र दिसते, कारण त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिज आहे. त्याखालील दंतधातू किंचित करडा असतो. मध्यभागी काळसर पोकळी व तीतून मुळात उतरणारी रेघ, ही दाताच्या आतल्या मृदू गाभ्याची, म्हणजे पल्पची जागा. मुळाभोवती केसासारखी बारीक काळी रेघ असते, ती दाताला अस्थीशी बांधणाऱ्या स्नायुबंधाची. आणि तिच्या बाहेर बारीक पांढरी रेघ, ती दात ज्या खोबणीत बसतो तिच्या भिंतीची. या दोन रेघा मुळाच्या एका बाजूने निघून टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूस अखंड गेल्या आहेत का, एवढे जरी पाहण्याची सवय लागली तरी निम्मे काम झाले. टोकाशी काळी रेघ रुंदावली, पांढरी रेघ तुटली किंवा तेथे काळा गोल दिसू लागला, तर बहुधा गाभा मृत झालेला असून अस्थीचा क्षय सुरू झाला आहे असे समजावे.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे दोन दातांमधील अस्थीचा कडा. निरोगी अवस्थेत तो दाताच्या मानेपासून एक-दोन मिलिमीटर खाली असतो. उपकुशात व दंतवेष्टात, ज्यांना व्यवहारात पायोरिया म्हणतात, हा कडा खाली खाली सरकतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते, हिरडी वरवर घट्ट वाटते, आणि रुग्णा केवळ दाढ हलते म्हणून येते. बिंबात मात्र निम्म्या मुळाभोवतीचे अस्थी नाहीसे झालेले आढळतात. रक्तस्राव नाही म्हणून व्याधी सौम्य, हा निष्कर्ष येथे साफ चुकतो.

काय दिसत नाही

आता चरकाचार्यांच्या यादीकडे परत येऊ. वरच्या दाढांना तीन मुळे असतात व बिंबात ती एकमेकांवर, शिवाय गालाच्या हाडाच्या छायेवर पडतात. सारख्यात सारखे मिसळल्यामुळे वेगळे न दिसणे, हा समानाभिहारच होय. यावर उपाय म्हणून दंतवैद्य किरणांचा कोन बदलून दुसरे बिंब घेतात. दाताला गेलेली बारीक चीर, जिच्यामुळे चावताना कळ येते, बिंबात बहुधा दिसतच नाही, हे अतिसौक्ष्म्य. धातूची टोपी किंवा चांदीचे भरण इतके शुभ्र उमटते की त्याच्या आड लपलेली कीड झाकून जाते. सूर्यप्रकाशात तारे न दिसावेत तसा हा अभिभव. आणि मनोऽनवस्थान तर सर्वत्र आहे. रुग्णाने बोट दाखवलेल्या दाताकडेच आपण पाहतो व शेजारच्या दाताच्या मुळाशी असलेला काळा गोल नजरेतून निसटतो. बिंबातील प्रत्येक दात क्रमाने पाहण्याचा नियम करणे हाच त्यावर इलाज.

याहून मोठी मर्यादा काळाची आहे. अस्थीतील खनिजांचा सुमारे 30 ते 40 टक्के ऱ्हास झाल्याशिवाय तो बिंबात स्पष्ट होत नाही. म्हणून तीव्र दंतशूलाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत बिंब अगदी प्राकृत असू शकते. अशा वेळी बिंबात काही नाही म्हणून रुग्णाची वेदना काल्पनिक ठरवणे हा अन्याय होय. थंड लागले असता कळ किती वेळ टिकते, रात्री आडवे झाल्यावर ती वाढते का, दातावर टिचकी मारली असता दुखते का, हे प्रश्न तेव्हा बिंबापेक्षा अधिक सांगून जातात.

उलटही घडते. दाताच्या मानेजवळ किरणांच्या रचनेमुळेच एक काळसर पट्टा उमटतो आणि नवख्या डोळ्यांना तो कीड वाटतो. खरखरीत मंजनाने जोरात दात घासण्याची सवय असलेल्यांच्या मानेशी पडलेली खाचही बिंबात किडीसारखीच भासते. येथे बोटाने चाचपून व डोळ्यांनी पाहूनच निर्णय होतो. म्हणून बिंब पाहण्याआधी रुग्णाचे तोंड पाहावे, हा क्रम उलटा करू नये.

नाडीव्रण व एषणी

दंतमूलगत 15 व्याधींत पाच नाडी आहेत. त्यांच्या चिकित्सेत सुश्रुताचार्यांनी, ज्या दाताच्या आश्रयाने नाडी आहे तो दात काढण्यास सांगितले आणि उपेक्षा केल्यास नाडीची गती हनुअस्थी भेदून जाते असा स्पष्ट इशारा दिला. आज या इशाऱ्याचे प्रत्यंतर बिंबात दिसते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शेतकरी गृहस्थ हनुवटीवरील व्रणासाठी आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. सुमारे चौदा महिने तो व्रण भरे व पुन्हा फुटे. मध्यंतरी त्यांनी निरनिराळ्या पॅथींचे उपचार घेतले होते. मलम झाले, प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, जात्यादी तेलाचे पिचूही झाले. दुष्टव्रण म्हणून रक्तशोधक काढे चालूच होते. दात दुखतो का, असे विचारता त्यांनी ठामपणे नाही म्हटले. तोंड पाहिले तेव्हा खालच्या पुढच्या दातांपैकी एक निळसर करडा होता. वीस वर्षांपूर्वी बैलाचे शिंग लागल्याचे त्यांना त्यावर आठवले. तेव्हा चार दिवस दुखले व मग आपोआप थांबले. रक्तमिश्रित पित्ताने दग्ध होऊन श्याव वा नील झालेला दात, हे श्यावदंतकाचे वर्णन समोर जसेच्या तसे होते.

आम्ही त्यांना दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांनी व्रणाच्या मुखातून गट्टापर्चाची बारीक लवचिक शलाका अलगद आत सरकवली आणि ती तशीच ठेवून बिंब घेतले. क्ष-किरणांत पांढरी उमटणारी ती शलाका हनुवटीच्या त्वचेपासून वळत वळत थेट त्या श्याव दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली दिसली. तेथे हरभऱ्याच्या दाण्याएवढा काळा गोल होता. नाडीची गती शोधण्यासाठी सुश्रुताचार्यांनी शस्त्रांत एषणीची गणना केली आहे. गट्टापर्चाच्या शलाकेचे काम तेच. फरक इतकाच की एषणी कोठवर पोहोचली हे तेव्हा हातास जाणवत असे, आता ते डोळ्यांनाही दिसते.

दात काढावा लागला नाही. त्याची मूलनलिका स्वच्छ करून भरण्यात आली आणि चौदा महिने न भरलेला व्रण तीन आठवड्यांत भरला, तोही कोणतेही तेल न लावता. काही महिन्यांनी घेतलेल्या बिंबात तो काळा गोल निम्म्याहून लहान झालेला होता. त्या चौदा महिन्यांत दिलेली औषधे वाईट होती असे नाही. ती ज्या जागी लावली जात होती तेथे रोग नव्हताच. गालावर, हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला वारंवार फुटणारा एकच व्रण दिसला तर प्रथम दातांचे बिंब मागवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

वरच्या दातांविषयी एक टीप. स्थिर व बळकट मूळ असलेला वरचा दात काढल्यास अतिरक्तस्राव होऊन दृष्टिनाश वा अर्दित संभवते, म्हणून हलणारा असला तरी वरचा दात काढू नये, असे सुश्रुताचार्य म्हणतात. वरच्या दाढांच्या मुळांची टोके गालाच्या हाडातील पोकळीच्या तळाशी अगदी लागून असतात हे ओ.पी.जी.मध्ये पाहिल्यावर, आचार्यांना ही पोकळी ज्ञात होती असे काही उत्साही लेखक लिहितात. आम्हाला ते पटत नाही. त्यांनी दिलेले कारण रक्तस्रावाचे आहे, पोकळीचे नाही. परंतु एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येणाऱ्या जुनाट प्रतिश्यायात त्याच बाजूच्या वरच्या दाढांचे बिंब पाहावे, एवढा व्यवहारोपयोगी धडा मात्र घेण्यासारखा आहे. तसेच खालच्या दाढेचे दुखणे कर्णशूलाचे रूप घेते. कान स्वच्छ, पडदा प्राकृत, तरीही कान दुखतो, अशा रुग्णाची खालची शेवटची दाढ तपासावी. आणि दात व बिंब दोन्ही निर्दोष असून श्रमाने खालचा जबडा दुखत असेल व विश्रांतीने थांबत असेल, तर दात सोडून तातडीने हृदयाचा विचार करावा.

किरणांची भीती

रुग्ण विचारतात आणि कधी कधी आपलाच सहकारीही विचारतो, की दाताच्या फोटोने अपाय नाही ना? आधुनिक यंत्र व अंकीय संवेदक यांनी घेतलेल्या एका लहान दंतबिंबाची मात्रा सर्वसाधारणपणे 10 मायक्रोसिव्हर्टच्या आत असते. पृथ्वी, आकाश व अन्न यांतून माणसाला निसर्गतः मिळणारी किरणमात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे 2400 मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणजे एक लहान बिंब हे जेमतेम एक-दोन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतके. त्रिमितीय चित्र देणाऱ्या सी.बी.सी.टी.ची मात्रा याच्या कितीतरी पट असू शकते, म्हणून ते केवळ जिज्ञासेपोटी मागवू नये. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये दंतबिंबासाठी शिशाचा एप्रन व गळपट्टा यांची गरज उरली नसल्याची शिफारस केली. किरणांचा झोत अचूक मर्यादित करण्यावर आता अधिक भर आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू आहेत व ते पाळणे बंधनकारक आहे. गर्भिणीच्या बाबतीत दंतबिंब निषिद्ध नाही, कारण किरण पोटाकडे जात नाहीत. तरीही गरज नसेल तर थांबावे व गर्भ असल्याचे बिंब काढणाऱ्यास आधी सांगावे. बालकांची बिंबे कारण असेल तेव्हाच घ्यावीत.

आपल्या दवाखान्यात यंत्र बसवावे असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. क्ष-किरण यंत्राला मंडळाची मान्यता लागते आणि ते चालवण्यास पात्र व्यक्ती लागते. परंतु शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर स्नातकांचा प्रश्न निराळा आहे. तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने नोव्हेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिसूचनेत शल्य व शालाक्य शाखांच्या 58 शस्त्रकर्मांची यादी होती आणि तीत रूट कॅनालचाही समावेश होता. त्यावर देशभर वादळ उठले. अधिकाराचा मुद्दा दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलला गेला. किमान आरंभी व शेवटी बिंब घेतल्याखेरीज मूलनलिकेचे काम होऊच शकत नाही, हे मात्र फार थोड्यांनी म्हटले. अधिकार कागदावर मिळाला तरी बिंब वाचण्याचे शिक्षण ज्या महाविद्यालयात नाही तेथील स्नातकाने ते कर्म हाती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दातांचा स्वतंत्र प्रकाशपट व शे-दोनशे बिंबांचा संग्रह प्रत्येक शालाक्य विभागात असावा. यास फार खर्च येत नाही.

औषधालयाच्या दाराशी

दंतशूलाचा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी औषधालयात जातो. लवंग तेलाची बाटली, खदिरादी गुटी, इरिमेदादी तेल किंवा एखादे मंजन घेऊन तो निघून जातो. लवंग तेलातील युजेनॉल वेदना खरोखर शमवते. दंतवैद्यांच्या तात्पुरत्या भरणातही तेच असते. परंतु गाभा मरत असतानाची तीव्र वेदना गाभा पूर्ण मेल्यावर आपोआपही थांबते. रुग्ण औषधाला यश देतो, आपण ते स्वीकारतो, आणि मुळाच्या टोकाशी विद्रधी शांतपणे वाढत राहतो. औषधालयचालकांना आमची विनंती इतकीच, की एकाच दातासाठी महिन्याभरात दुसऱ्यांदा लवंग तेल मागणाऱ्यास ते देताना बिंब काढण्याचाही सल्ला द्यावा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल, तर तेल देऊच नये. त्याला थेट रुग्णालयात पाठवावे.

गुटखा खाणाऱ्यांचे तोंड न उघडणे हा वेगळा विषय. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रुग्ण आपल्या ओसरीवर येतच असतात. दोन बोटेही तोंडात जात नसतील तर लहान फिल्म आत बसत नाही. त्यांच्यासाठी चिठ्ठीत ओ.पी.जी. लिहावे.

चिठ्ठीविषयीही थोडे. केवळ 'दाताचा एक्स-रे' असे लिहून रुग्णास पाठवले तर जे मिळायचे तेच मिळते. दाताचा दोन अंकी क्रमांक लिहिण्याची पद्धत सोपी आहे. पहिला अंक जबड्याच्या चतुर्थांशाचा : रुग्णाचा वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. दुसरा अंक मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे 36. त्यापुढे दुखणे किती दिवसांचे, सूज वा स्राव आहे का, मधुमेह वा गर्भ आहे का, आणि आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे दोन ओळींत लिहावे. फिल्म हाती आली की तिच्या कोपऱ्यातील उंचवट्याचा ठिपका आपल्याकडे करून धरावी. म्हणजे रुग्ण समोर बसला असता त्याचे दात जसे दिसतील तसेच बिंब दिसते, उजवे-डावे उलटत नाही. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रात ही खात्री राहत नाही, म्हणून त्यावर दाताचा क्रमांक लिहून मागवावा आणि मूळ बिंब रुग्णाच्या कागदपत्रांत तारखेसह ठेवावे. सहा महिन्यांनी दुसरे बिंब येईल तेव्हा तुलनेला हेच लागते.